समाजकार्याचं कॉलेज निवडताना आधी फील्डवर्क विचारा

बारावीचा निकाल लागला की कुणी ना कुणी विचारायला येतं, "मला लोकांसाठी काम करायचंय, कुठे ॲडमिशन घेऊ?" मी आधी कॉलेजचं नाव सांगतच नाही. चार शनिवार जवळच्या वृद्धाश्रमात किंवा विशेष मुलांच्या शाळेत जाऊन बसा. आपल्या गोव्यात गावची ग्रामसभा बहुधा रविवारी असते, तिथेही मागच्या बाकावर बसून ऐका. एवढ्यानेही ओढ टिकली, तर पुढचं.

मग पातळी ठरवा. बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदवी, बारावीनंतर करता येतं. एमएसडब्ल्यू, म्हणजे त्यातली पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांचं असून त्याला बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेची पदवी चालते. मन पक्कं नसेल तर मानसशास्त्र किंवा समाजशास्त्रात बीए करून मग एमएसडब्ल्यूला वळावं, असं माझं मत आहे. त्यात वर्ष वाया जात नाही.

आता खरी पारख. समाजकार्य वर्गात निम्मंच शिकता येतं, बाकीचं फील्डवर्क, म्हणजे संस्थेत आणि वस्तीत जाऊन केलेलं प्रत्यक्ष काम, शिकवतं. म्हणून कॉलेजात गेलात की ऑफिसच्या खिडकीवर थांबू नका, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. आठवड्यातून किती दिवस फील्डवर असता? बऱ्याच ठिकाणी दोन असतात. संस्थेत नेमकं काय करायला देतात? कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडणं आणि फोटो काढणं एवढंच उत्तर आलं, तर सावध व्हा. फील्डवर्कवर लक्ष ठेवणारे सुपरव्हायझर दर आठवड्याला एकेकाला बसवून बोलतात का? रिपोर्ट वाचून त्यावर लिहितात, की नुसती सही करतात? दारू पिणाऱ्या बापाच्या घरी पहिली घरभेट देऊन आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला त्या संध्याकाळी बोलायला कुणीतरी हवं असतं. ते माणूस ज्या कॉलेजात आहे, ते कॉलेज चांगलं.

भाषेचाही विचार करा. रिपोर्ट बहुधा इंग्रजीत लिहावे लागतात, पण सत्तरीतली आजी कोकणी-मराठीतच मन मोकळं करते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीला घाबरू नये; लिहिणं वर्षभरात जमतं, ऐकण्याचा कान मात्र तुमच्याकडे आधीच आहे.

गोव्यातच राहायचं असेल तर पणजीच्या डॉन बॉस्को कॉलेजात चौकशी करा. बाहेर जायची तयारी असेल तर मुंबईत १९३६ पासूनची टाटा समाजविज्ञान संस्था आणि १९५५ पासूनचं निर्मला निकेतन आहे. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. नोकरी सांभाळून शिकायचं तर इग्नू हे मुक्त विद्यापीठ. मात्र उद्या गोव्यातच काम करायचं असेल, तर इथल्या खाणपट्ट्यातलं किंवा गावडा-वेळीप या आदिवासी समाजांच्या वाड्यांवरचं फील्डवर्क बाहेर मिळणार नाही, हे लक्षात असू द्या.

विद्यापीठाची संलग्नता, फी, शिष्यवृत्ती हे कागदावर पाहून घ्या. आणि सांगे-काणकोणासारख्या लांबच्या तालुक्यात फील्डवर्कची प्लेसमेंट लागली तर संध्याकाळची शेवटची कदंबा बस कितीला सुटते, तेही विचारा. माणसं कामावरून परतल्याशिवाय घरभेट होत नाही.