मूल घरी काही सांगतच नाही? या चुका टाळा

"शाळेत काय झालं?"
"काही नाही."

दहा-बारा वर्षांच्या मुलाशी रोजचं बोलणं बऱ्याच घरांत एवढ्यावरच संपतं. 'हल्ली फार घुमा झालाय', असं आईबाबा म्हणतात. वयाचा भाग असतोच. पण घरी काही सांगितलं की पुढे काय होतं, हे मुलानं अनेकदा पाहिलेलं असतं, आणि म्हणून ते सांगायचं टाळतं.

सगळ्यात जास्त नडते ती ऐकून घेण्याआधी निकाल देण्याची सवय. "आज मला कुणी खेळायला घेतलं नाही," असं मूल म्हणतं. आपण पटकन म्हणतो, "तूच काहीतरी केलं असशील." नाहीतर, "जाऊ दे, दुसऱ्यांबरोबर खेळ." एकात आरोप, दुसऱ्यात सल्ला. त्याला वाईट वाटलं, ते मात्र तसंच राहून जातं. त्याऐवजी "अरेरे, मग?" एवढंच म्हणा आणि थांबा. ओठांवर आलेला सल्ला गिळणं खरंच अवघड असतं, पण मनातलं बहुधा तिसऱ्या-चौथ्या वाक्यात बाहेर येतं. सुचवायचंच असेल, तर "काही सुचवू का?" असं आधी विचारा.

दुसरी चूक कौतुकातली आहे, त्यामुळे ती लक्षातच येत नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही कोडी सोडवल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस'. पुढची अवघड कोडी चुकल्यावर आपले गुण लिहून कळवायचे होते. हुशार म्हटलेल्या मुलांपैकी जवळपास ४० टक्क्यांनी ते वाढवून सांगितले. मेहनतीचं कौतुक झालेल्यांमध्ये हे प्रमाण खूपच कमी होतं. हुशारीचा शिक्का टिकवायचा, तर अपयश लपवावंच लागतं. म्हणून उत्तर कसं शोधलं, कुठे अडलं, याबद्दल बोला.

मुलानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट पाहुण्यांसमोर गंमत म्हणून सांगू नका. एकदा हसं झालं की ते दार बंद. भावंडांशी तुलनाही नकोच.

आता ओरडण्याबद्दल. कोणत्याही आईबाबांचा पारा चढतोच. मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणात, चांगलं नातं असलेल्या आई-बाळांचाही मेळ साधारण ३० टक्के वेळच जमलेला होता. एरवी सूर चुकत होता आणि पुन्हा जुळत होता. नातं टिकतं ते या जुळवून घेण्यावर. म्हणून राग ओसरल्यावर स्वतः जा. "मघाशी मी ओरडले ते चुकलं. पसारा आवरायचाच आहे, पण तसं बोलायला नको होतं." मोठ्यांनी माफी मागितली तर धाक राहत नाही, असं काहींना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. चूक कबूल कशी करायची, हे मूल दुसरीकडे कुठे शिकणार?

अबोला आधीच जमला असेल, तर समोर बसवून उलटतपासणी घेऊ नका. कपड्यांच्या घड्या घालताना किंवा सोबत चालताना, नजरेला नजर नसते तेव्हा मुलं सहज बोलतात. आधी आपल्या दिवसातलं काही सांगा, आणि लगेच प्रतिसादाची अपेक्षा धरू नका. विश्वास परत यायला वेळ लागतो.

मात्र गप्पपणाबरोबर झोप किंवा भूक बिघडली, शाळेला जायला मूल घाबरू लागलं, तर वाट पाहू नका, समुपदेशकाला किंवा बालरोगतज्ज्ञांना भेटा. 'जगावंसं वाटत नाही' असं तोंडून निघालं, तर त्याच दिवशी मदत घ्या आणि तोवर मुलाला एकटं सोडू नका.