डिप्रेशन आहे, पुढे बायपोलर तर नाही ना होणार? लक्ष कसं ठेवायचं

आधी एक सांगते, डिप्रेशन असलेल्या बहुतेकांना बायपोलर (म्हणजे मूड कधी खूप खाली, तर कधी खूप वर जाण्याचा आजार) होत नाही, त्यामुळे उगाच धास्ती घेऊ नका. पण बायपोलर असलेल्या बऱ्याच जणांची सुरुवात डिप्रेशननेच होते, आणि त्या वेळी रक्ताच्या टेस्टमधून किंवा स्कॅनमधून काही कळत नाही. डॉक्टरांकडे आपण जातो ते खचलेले असतानाच, चढत्या मूडचे दिवस त्यांना कोणी सांगतच नाही, आणि निदान चुकतं ते बऱ्याचदा इथेच.

म्हणून पहिल्यांदा घरात विचारा. आईवडील, सख्खी भावंडं यांच्यात कोणाला बायपोलर असेल तर रिस्क वाढते. थेट नाव घेऊन विचारलं तर लोक गप्प बसतात, त्यापेक्षा कोणी कधी झोपेशिवाय दिवसच्या दिवस काढले का, अचानक भरमसाट पैसे उडवले का, ॲडमिट करावं लागलं होतं का, असं विचारा. डिप्रेशन अगदी कमी वयात सुरू झालं, परत परत येतंय, बाळंतपणानंतर लगेच आलं किंवा त्यात भास झाले, तर हेही डॉक्टरांना सांगायचं.

आता झोप, माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. डिप्रेशनमध्ये झोप लागत नाही आणि दिवसभर माणूस गळून जातो. हायपोमेनियात, म्हणजे बायपोलरमधला मूड चढण्याचा सौम्य प्रकार, त्यात तीनचार तास झोपूनही एकदम फ्रेश वाटतं, थकवाच नाही, डोक्यात विचार धावतात, बोलणं वाढतं, नवे नवे प्लॅन, खर्च, नाहीतर नुसती चिडचिड. असं सलग ४ दिवस किंवा जास्त चाललं आणि आजूबाजूच्यांनाही फरक दिसला तर ते हायपोमेनियात धरतात, आठवडाभर टिकलं आणि कामधंदा, नाती विस्कटायला लागली तर मेनिया. एखादा दिवस छान गेला म्हणून घाबरायचं नाही हं.

रोज रात्री वहीत किंवा मोबाईलमध्ये किती तास झोपलो, मूड कसा, एनर्जी किती, गोळी घेतली का, एवढंच लिहा. सोबत घरातल्या एकाला नजर ठेवायला सांगा कारण मूड चढलेला असतो तेव्हा आपल्याला स्वतःला "आता कुठे मी बरी झाले" असंच वाटतं, आजार वाटतच नाही.

डिप्रेशनची गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिले काही आठवडे जास्त लक्ष द्या, काहींचा मूड गोळीने वर उसळतो. तसं वाटलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा, मनाने गोळी बंद करू नका. बायपोलर निघालं तर औषधं बदलतात, लिथियम किंवा लॅमोट्रिजिनसारखी मूड स्टॅबिलायझर देतात, आणि नीट घेतली तर माणसं नोकरी संसार सगळं करतात.

झोप जवळपास बंद झाली, भास व्हायला लागले किंवा जीव द्यायचे विचार आले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन हॉस्पिटल गाठा, आणि ती वही बरोबर न्या.