नेढ्यांच्या वाळवंटात: मुंबईहून आर्चेस राष्ट्रीय उद्यानात जाताना

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना नेढे, म्हणजे कातळाला पडलेले आरपार भोक, नवीन नसते. राजगडाच्या सुवेळा माचीवरील किंवा रतनगडाच्या माथ्यावरील नेढ्यात बसून ज्याने वारा अंगावर घेतला आहे, त्याला अमेरिकेतील युटा राज्यातल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानाचे वर्णन एका वाक्यात करून देता येते: तेथे तांबड्या वालुकाश्मात अशी दोन हजारांहून अधिक नेढी आहेत. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या साधारण तिप्पट. १९२९ मध्ये या भागाला राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

व्हिसाच्या कटकटीविषयी येथे लिहीत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीच्या मुलाखतीची तारीख हाती पडल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये, एवढेच पुरे. उद्यानाला लागून असलेले मोॲब हे छोटे गाव प्रवेशद्वारापासून सुमारे आठ किलोमीटरवर आहे आणि मुक्काम तेथेच करावा. मोठा विमानतळ सॉल्ट लेक सिटीचा. तेथून मोॲबपर्यंत मोटारीने साधारण चार तास लागतात. उद्यानात फिरण्यासाठी सार्वजनिक बससेवा नाही, त्यामुळे मोटार भाड्याने घेणे जवळपास अपरिहार्य ठरते. त्यासाठी निघण्यापूर्वी आपल्या आरटीओमधून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा आणि मूळ परवानाही सोबत ठेवावा. पेट्रोल पंपावरील यंत्र कार्ड टाकल्यावर अनेकदा अमेरिकी पिनकोड मागते. तो नसल्यास आत दुकानात जाऊन आगाऊ पैसे भरावेत. उद्यानात पेट्रोल मिळत नाही, खाद्यपदार्थही मिळत नाहीत आणि मोबाइलचे नेटवर्क बहुतेक ठिकाणी नसते. त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि दुपारच्या जेवणाची सोय मोॲबमधील किराणा दुकानातून सकाळीच करून ठेवावी.

ऋतूची निवड हा या सहलीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि सुदैवाने आपल्या शाळांच्या सुट्ट्या त्याला सोयीच्या आहेत. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे तेथील उत्तम महिने. मे महिन्यात दिवसाचे सरासरी कमाल तापमान २८ अंशांच्या आसपास आणि रात्रीचे १० अंशांच्या आसपास असते. दिवाळीच्या सुट्टीत, ऑक्टोबरात, दुपारी २३ आणि पहाटे सहा अंशांपर्यंतची थंडी धरून चालावे. जुलैत मात्र पारा ३८ अंशांवर जातो आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वळवाच्या सरींनी कोरड्या ओढ्यांना अचानक पूर येतात. मेची सुट्टी लांबवून जूनच्या मध्यावर जाण्याचा मोह टाळावा, असे माझे मत आहे.

आकडे पाहून मुंबईकर म्हणेल की ३८ अंशांत विशेष ते काय. येथेच फसगत होते. आपण उन्हाचा अंदाज घामावरून बांधतो: सदरा पाठीला चिकटला की सावली शोधायची आणि पाणी प्यायचे, ही सवय लोकलच्या गर्दीत आणि दमट हवेत अंगवळणी पडलेली असते. मोॲबच्या परिसरात वर्षभरात जेमतेम २०० ते २५० मिलिमीटर पाऊस पडतो, जेवढा मुंबईत जुलैतल्या एखाद्या दिवसात कोसळू शकतो. तेथील हवा इतकी कोरडी असते की घाम त्वचेवर टिकतच नाही, अंग सुकेच राहते आणि शरीरातील पाणी कमी होत असल्याची सूचना देणारी आपली ओळखीची खूणच नाहीशी होते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने पाणी प्यावे. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी हा तेथील प्रशासनाचा सल्ला अतिशयोक्तीचा नाही. पाणी प्रवेशद्वाराजवळील माहिती केंद्रात आणि रस्त्याच्या शेवटी डेव्हिल्स गार्डनपाशी भरून घेता येते. वाटांवर कोठेही नाही. ओआरएसची पाकिटे, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी आणि ओठांना लावण्यासाठी काहीतरी, एवढे सामान जवळ असावे. महाबळेश्वरसाठी घेतलेला स्वेटरही बाहेर काढावा, कारण उद्यानाचा सर्वांत सखल भागच सुमारे १२४५ मीटरवर आहे आणि सर्वांत उंच जागा आपल्या कळसूबाईपेक्षाही थोडी अधिक उंच आहे.

ही नेढी वाऱ्याने कोरली, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात हे काम मुख्यतः पाण्याचे आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी येथील समुद्र पुनःपुन्हा आटून मिठाचा जाड थर साचला. त्यावर पुढे शेकडो मीटर खडक चढला, तेव्हा त्या ओझ्याखाली मीठ सरकू लागले, जागोजागी वर फुगले आणि वरच्या वालुकाश्माला समांतर भेगा पडल्या. भेगांत शिरलेल्या पाण्याने वाळूचे कण धरून ठेवणारा चुनखडीसारखा बंध विरघळवला, हिवाळ्यात गोठून फुगताना खपल्या पाडल्या आणि शेवटी उरलेल्या पातळ भिंतींना भोके पडली. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाची. हा वालुकाश्म त्याहून कितीतरी आधीचा, ज्युरासिक कालखंडातला आहे. परंतु त्यातली नेढी टिकाऊ नाहीत. सुमारे ९३ मीटर लांबीची लँडस्केप आर्च ही तेथील सर्वांत लांब कमान. १९९१ मध्ये तिच्या खालच्या बाजूने सुमारे १८ मीटर लांबीची शिळा निखळली आणि तेव्हापासून तिच्याखालून जाणारी वाट बंद आहे. २००८ मध्ये त्याच वाटेवरील वॉल आर्च रात्रीत कोसळली. छायाचित्रासाठी कुंपण ओलांडणाऱ्या उत्साही मंडळींना हे दोन प्रसंग सांगावेत. नावे दिलेल्या कमानींवर चढण्यास तर मनाईच आहे आणि ड्रोनलाही परवानगी नाही.

दोन दिवस हाताशी असावेत. पहिल्या दिवशी सकाळी लवकर आत शिरून सुमारे २९ किलोमीटरच्या रस्त्याने थेट शेवटच्या टोकापर्यंत, डेव्हिल्स गार्डनला जावे. गर्दी प्रवेशद्वाराकडून आत पसरत जाते, त्यामुळे उलट क्रमाने पाहणाऱ्याला वाहनतळावर जागा मिळण्याची शक्यता अधिक असते. लँडस्केप आर्चपर्यंतची वाट सोपी आहे, तिच्या पुढे मात्र उघड्या कातळावर चढावे लागते. परतताना ३९ मीटर उंचीचा बॅलन्स्ड रॉक रस्त्यावरूनच दिसतो. डबल आर्चच्या दोन जोडकमानी थोडे चालून गाठता येतात. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना घेऊन गेलेल्यांनी हीच ठिकाणे धरावीत. फायरी फर्नेस नावाच्या चक्रव्यूहासारख्या भागात परवान्याशिवाय किंवा रेंजरसोबतच्या फेरीशिवाय जाता येत नाही.

दुसरी दुपार डेलिकेट आर्चसाठी राखून ठेवावी. युटाच्या मोटारींच्या नंबरप्लेटवर झळकलेली ही सुमारे १६ मीटर उंच एकाकी कमान जाऊन-येऊन साधारण पाच किलोमीटरच्या चालीवर आहे. अंतर किरकोळ वाटते, पण मधल्या उघड्या कातळावरील चढाला सावलीचा टिपूसही नाही आणि शेवटच्या टप्प्यात वाट कड्याला बिलगून जाते. सूर्यास्ताच्या दीड-दोन तास आधी निघावे. कमान सूर्यास्ताला पेटल्यासारखी दिसते. ती पाहून अंधारात उतरायचे असल्याने प्रत्येकाकडे विजेरी हवी, मोबाइलच्या दिव्यावर भिस्त ठेवू नये. ज्यांना चढ झेपणार नाही, त्यांनी वेगळ्या वाहनतळाजवळच्या दर्शनस्थळावरून ती दुरून पाहावी. दुरून ती अगदीच लहान दिसते, हे मात्र त्यांना आधी सांगावे.

प्रवेशाचे नियम बदलत असतात. २०२२ पासून काही हंगामांत वेळ ठरवून आरक्षण करणे सक्तीचे होते. म्हणून मुक्कामाची जागा पक्की करण्यापूर्वी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचा नियम आणि शुल्क पाहावे.

वाट सोडून चालण्याविषयी थोडे. तेथील मातीवर काळसर, खडबडीत पापुद्रा दिसतो. तो जिवंत असतो: सूक्ष्म जीव, शेवाळे आणि दगडफुले मिळून तो घडवतात आणि माती वाऱ्याने उडू देत नाहीत. एका पावलाने तो मोडतो आणि पुन्हा जमायला अनेक दशके लागू शकतात. चालायचे ते आखलेल्या वाटेवरून, कातळावरून किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूतून. लहान मुलांना हे गाडीतून उतरण्यापूर्वीच समजावून ठेवावे.