डीअ‍ॅक्टिव्हेट केलेला प्लगइन गेलेला नसतो

सप्टेंबर २०२० मध्ये ‘डब्ल्यूपी फाइल मॅनेजर’ या वर्डप्रेस प्लगइनमध्ये (वर्डप्रेस या वेबसाइट चालवणाऱ्या प्रणालीला वरून जोडायच्या सोयीमध्ये) सुरक्षेचं भोक सापडलं, तेव्हा तो ७ लाखांहून जास्त साइट्सवर बसवलेला होता. ६.० ते ६.८ या आवृत्त्यांमध्ये ‘एलफाइंडर’ या लायब्ररीची एक नमुना फाइल चालू शकेल अशा नावाने तशीच राहून गेली होती. तिचा पत्ता ब्राउझरला दिला की लॉगिन न करता सर्व्हरवर हवी ती पीएचपी फाइल, म्हणजे तिथे चालणारा कोड, चढवता यायची, आणि प्लगइन डीअ‍ॅक्टिव्हेट करून ठेवला असला तरीही. डीअ‍ॅक्टिव्हेट केल्यावर वर्डप्रेस तो प्लगइन लोड करत नाही, एवढंच. फाइल डिस्कवर असते, आणि थेट मागणी आली तर वेब सर्व्हर ती चालवतो, वर्डप्रेसला न विचारता.

म्हणून पहिलं काम साफसफाईचं. फाइल्स आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घ्या, तो सर्व्हरबाहेर उतरवून ठेवा आणि वापरात नसलेला प्रत्येक प्लगइन डिलीट करा. त्याआधी एक बघा: काही फॉर्म प्लगइन डिलीट होताना आलेले अर्जही पुसून टाकतात. ते आधी एक्स्पोर्ट करून घ्या.

यादी करताना प्लगइनच्या पानावरचा ‘मस्ट-यूज’ हा टॅबही उघडा. तसे प्लगइन असतील तरच तो दिसतो, त्यामुळे बहुतेकांना ठाऊकच नसतो. तिथला कोड अ‍ॅक्टिव्हेट न करता चालतो आणि डॅशबोर्डवरून बंद करता येत नाही. घुसखोरांना ही जागा म्हणूनच आवडते. होस्टिंगवालेही कधी कधी तिथे आपली फाइल ठेवतात, तेव्हा उडवण्यापूर्वी त्यांना विचारा.

उरलेल्या प्रत्येक प्लगइनचं वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातलं पान उघडा आणि शेवटचं अपडेट कधीचं आहे ते पाहा. भांडारातून बंद केलेला प्लगइन सगळ्यात फसवा. नवी आवृत्ती येतच नाही, त्यामुळे डॅशबोर्डवर अपडेटची खूण नसते आणि सगळं आलबेल वाटतं. थीमसोबत (साइटचं रूप ठरवणाऱ्या संचासोबत) फुकट आलेल्या प्लगइनचंही तेच. २०१४ साली ‘स्लायडर रेव्होल्यूशन’मधल्या भोकातून डेटाबेसचा पासवर्ड असलेली कन्फिग फाइल नुसत्या एका लिंकने उतरवता येत होती. दुरुस्त आवृत्ती आधीच निघाली होती, पण हा स्लायडर थीमच्या पोटात असल्यामुळे तो आपल्याकडे आहे हेच अनेक साइटमालकांना माहीत नव्हतं. ‘नल्ड’ म्हणजे फुकटात फोडलेले प्लगइन मात्र तपासायच्याही भानगडीत पडू नका, सरळ काढा.

मग प्लगइनचं नाव वर्डफेन्स, पॅचस्टॅक किंवा डब्ल्यूपीस्कॅन यांच्या भेद्यता-यादीत, म्हणजे सापडलेल्या भोकांच्या यादीत, शोधा. तिथे दिलेल्या गंभीरतेच्या गुणांकापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या: हल्ला करायला लॉगिन लागतं का, आणि कोणती सोय चालू असावी लागते. लॉगिन लागत नसेल तर हातातलं काम टाकून आधी तो प्लगइन अपडेट करा. ‘सबस्क्राइबर’ (सगळ्यात कमी अधिकारांचं खातं) पुरेसा असेल आणि तुमच्या साइटवर कुणालाही खातं उघडता येत असेल, तर तेही जवळजवळ तितकंच गंभीर. अ‍ॅडमिनच लागत असेल तर शनिवारपर्यंत थांबलं तरी चालेल. ‘रियली सिंपल सिक्युरिटी’चं उदाहरण घ्या. तो चाळीस लाखांहून अधिक साइट्सवर असलेला, चक्क सुरक्षेचाच प्लगइन. नोव्हेंबर २०२४ मध्ये उघड झालेल्या भोकामुळे पासवर्ड नसतानाही अ‍ॅडमिन म्हणून आत शिरता येत होतं, पण दुहेरी पडताळणी चालू केलेली असेल तरच. ९.०.० ते ९.१.१.१ या आवृत्त्या धोक्याच्या, ९.१.२ दुरुस्त. शेवटचे आकडे नीट जुळवून पाहा, ‘नऊ पॉइंट एक आहे की’ एवढ्यावर थांबू नका.

अपडेट शक्यतो डॅशबोर्डवरूनच करा. तिथून केलं की जुना फोल्डर पूर्ण जातो आणि नवा येतो. एफटीपीने (सर्व्हरवर थेट फाइल्स पाठवून) नवी झिप जुन्यावर पसरली तर नव्या आवृत्तीतून वगळलेल्या फाइल्स तशाच राहतात, आणि भोक नेमकं त्यांच्यातच असू शकतं. एफटीपीच वापरायचं असेल तर आधी जुना फोल्डर उडवा.

अपडेट झालं म्हणजे दाराला कडी लागली. आधीच आत आलेला माणूस आतच असतो. त्याला असं शोधा:

– अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी फाइल्स शोधा. तिथे फोटो आणि पीडीएफ असायला हवेत. काही प्लगइन एखादी रिकामी इंडेक्स फाइल ठेवतात, म्हणून उघडून बघा. लांबच लांब अगम्य अक्षरांची ओळ आणि तिच्याआधी ‘इव्हॅल’ किंवा ‘बेस६४-डीकोड’ (लपवलेला कोड उलगडून चालवणाऱ्या आज्ञा) दिसलं तर ते प्रकरण वेगळं.

– यूझर्सच्या पानावर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’समोर कंसात ३ आणि खाली नावं दोनच, असं दिसलं तर तिसरा लपवलेला आहे. डेटाबेस उघडून दाखवणाऱ्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये यूझर्सचं टेबल थेट उघडून मोजा.

– डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेस कमांड देऊन चालवायचं साधन) असेल तर चेकसम पडताळणी (फाइल मूळ प्रतीशी जुळते का ते पाहणं) चालवा, वर्डप्रेसच्या गाभ्याची आणि प्लगइनची, दोन्ही. बदललेल्या फाइल्सची नावं समोर येतात. विकतच्या प्लगइनला हे लागू नाही. त्यांची ताजी प्रत आणून फोल्डरच बदला.

– अ‍ॅक्सेस लॉगमध्ये (साइटवर आलेल्या विनंत्यांच्या नोंदीत) भोक असलेल्या प्लगइनच्या फोल्डरकडे गेलेल्या ‘पोस्ट’, म्हणजे सर्व्हरला माहिती पाठवणाऱ्या, विनंत्या पाहा. उत्तर ४०३ (नकार) किंवा ४०४ (सापडलं नाही) असेल तर कुणीतरी नुसतं दार ठोठावून गेलं. २०० (विनंती यशस्वी) असेल तर त्या तारखेनंतर बदललेली प्रत्येक फाइल तपासा.

काही सापडलं तर साफ केल्यावर अ‍ॅडमिन, डेटाबेस आणि होस्टिंग या तिन्हींचे पासवर्ड बदला. डेटाबेसचा नवा पासवर्ड कन्फिग फाइलमध्येही टाका, नाहीतर साइटच बंद पडेल. त्याच फाइलमधल्या आठही सिक्युरिटी की नव्या घाला. त्यामुळे चालू असलेली सगळी लॉगिन तुटतात, चोरलेल्या कुकीसकट. ही पायरी लोक हमखास विसरतात आणि आठवड्याने ‘परत हॅक झालं’ म्हणतात.

पुढच्यासाठी अपलोड्समध्ये पीएचपी चालणं बंद करा. अपाचे आणि लाइटस्पीड या वेब सर्व्हरांवर एचटीअ‍ॅक्सेस फाइलने होतं; एनजिनएक्स ती वाचत नाही, तिथे सर्व्हरच्या सेटिंगमध्येच नियम घालावा लागतो. डॅशबोर्डमधला फाइल एडिटर कन्फिगमधून बंद करा. तिथेच ‘फाइल मॉड्स’ (डॅशबोर्डवरून होणारे फाइल-बदल) बंद करण्याचीही सोय आहे, पण ती लावली तर अपडेट्सही थांबतात.

ऑटो-अपडेट चालू ठेवा. वर्डप्रेस ६.६ पासून ऑटो-अपडेटनंतर फेटल एरर (साइट बंद पाडणारी चूक) आली तर प्लगइन आपोआप जुन्या आवृत्तीवर परततो, त्यामुळे साइट मोडण्याची भीती बरीच कमी झाली आहे. मात्र ऑटो-अपडेटचं काम दिवसातून दोनदा होतं आणि कुणीतरी साइट उघडली तरच सुरू होतं. वर्षातून एकदा दिवाळी अंक टाकणाऱ्या मंडळाच्या साइटवर दिवसचे दिवस कुणी फिरकत नाही. अशा ठिकाणी सीपॅनलमध्ये (होस्टिंगच्या नियंत्रण पानावर) क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावा आणि दर अर्ध्या तासाने वर्डप्रेसची वेळेची कामं पाहणारी डब्ल्यूपी-क्रॉनची फाइल चालवा.