स्वस्त मॉडेल विमान आकाशात सोडण्यापूर्वी

रेडिओ-नियंत्रित विमान विकत घेताना बहुतेकांची नजर प्रथम मोटरवर जाते. प्रत्यक्षात मोटर दुबळी म्हणून पडलेली विमाने मी फार थोडी पाहिली. पंखाला पीळ असलेली, शेपटीकडे जड झालेली आणि सैल बिजागऱ्यांची मात्र पुष्कळ. स्वस्त संचात कारखान्याने वाचवलेली मेहनत आपल्याला करावी लागते आणि त्यासाठी उड्डाणाआधीचा एक पूर्ण रविवार राखून ठेवावा.

साहित्य आधी पाहावे. स्वस्त विमाने ईपीपी, ईपीओ किंवा थर्माकोल अशा फोमची असतात. ईपीपी हा फोम लवचिक असल्यामुळे आपटला तरी सहसा तुटत नाही, पण तेवढ्याच कारणाने तो वाकतो, म्हणून त्याच्या पंखात कार्बनची कांडी असलीच पाहिजे. ईपीओ अधिक ताठ असून त्याची दुरुस्तीही सोपी असते. थर्माकोल सर्वांत ठिसूळ. त्यावर साधा झटपट गोंद लावल्यास थर्माकोलच विरघळतो, त्यामुळे फोमसाठी असलेलाच गोंद किंवा इपॉक्सी वापरावे. घरी विमान बनवायचे असल्यास दोन्ही बाजूंना कागद असलेला हलका फोम बोर्ड घ्यावा. जाहिरातीच्या फलकांसाठी मिळणारा पीव्हीसीचा बोर्ड दिसायला तसाच असला, तरी बराच जड असतो, आणि दुकानात ही गल्लत नेहमी होते.

विमान जोडल्यावर ते टेबलावर ठेवून चार-पाच पावले मागे जावे आणि शेपटीकडून पंखांकडे पाहावे. दोन्ही पंखांच्या मागच्या कडा सारख्याच उंचीवर दिसल्या पाहिजेत. एका पंखाला पीळ असल्यास वेगात असताना ट्रिम (रिमोटवरून नियंत्रण कायमचे किंचित एका बाजूला सरकवणे) देऊन काम भागते, मात्र उतरताना वेग कमी झाला की विमान एका बाजूला कोलमडते. ईपीओचा पंख वाफेवर किंचित गरम करून उलट दिशेने पिळावा आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवावा. (मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या विमानाला हा पीळ आपोआप मिळतो!) त्यानंतर रिमोट सुरू ठेवून एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी, बोटाने हलवून पाहावा. तो सर्व्होला (पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटरला) न जुमानता दोन-तीन मिलिमीटर हलत असेल, तर दोष बहुधा सर्व्हो आणि पट्टी जोडणाऱ्या पुशरॉडच्या मोठ्या झालेल्या छिद्रात किंवा लांब, आधार नसलेल्या तारेत असतो. तारेच्या मध्यावर, तिला आधार म्हणून फोमला चिकटवलेला नळीचा एक तुकडा पुष्कळ फरक पाडतो. नऊ ग्रॅमच्या स्वस्त सर्व्होंचे प्लास्टिकचे दाते आपटल्यावर तुटतात, म्हणून एक-दोन जादा आणून ठेवावेत.

वजनाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. 1200 मिलिमीटर लांब आणि 200 मिलिमीटर रुंद पंखाचे क्षेत्रफळ 24 चौरस डेसिमीटर होते. त्यावर 800 ग्रॅमचे विमान म्हणजे दर चौरस डेसिमीटरला सुमारे 33 ग्रॅम, आणि शिकाऊ हातासाठी हे चांगले. दुरुस्तीचा गोंद आणि टेप यांनी हेच वजन 1000 ग्रॅमवर गेले, तर हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग जवळजवळ 12 टक्क्यांनी वाढतो. आमचे इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात 40 अंश तापमानाला इथली हवा, समुद्रसपाटीवरच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 14 टक्के विरळ असते, त्यामुळे थंडीत सहज उडणारे विमान मेमध्ये सुस्त वाटते. दोष मोटरचा नसतो. म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हे या छंदातले पहिले उपकरण समजावे.

गुरुत्वमध्य, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोलले जाते तो, पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर, म्हणजे वरील पंखात 50 ते 60 मिलिमीटरवर ठेवावा. बॅटरी बसवून त्या खुणांवर दोन बोटांनी विमान उचलावे. नाक किंचित खाली झुकले पाहिजे. माझ्या पहिल्या विमानात बॅटरी नाकापर्यंत पोचत नव्हती, म्हणून मी ती मागेच राहू दिली आणि ते विमान तीन सेकंदांत नाक वर करून गव्हात कोसळले. फोम कोरून जागा करायला दहा मिनिटे लागली असती.

तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरल्यावर 12.6 व्होल्ट दाखवते. दर सेल 3.5 व्होल्टवर येण्याआधीच उतरावे.

ड्रोन नियम, 2021 हे पंखांच्या मॉडेल विमानांनाही लागू होतात. इंदूरचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला असून त्याच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीन झोन, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणारे क्षेत्र, 200 फुटांपर्यंतच असतो. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवू नये, आणि निघण्यापूर्वी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाचा नकाशा पाहावा. गहू काढल्यानंतरच्या शेताची धसकटे फोमला टोचतात, तर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांना सोडत नाही. म्हणून गवताचे मैदान आणि हिवाळ्यातली वारा पडलेली सकाळ निवडावी.

फेकण्यापूर्वी प्रत्येक नियंत्रण योग्य दिशेला वळते की नाही हे मागे उभे राहून तपासावे. मोटर पूर्ण वेगात ठेवून दुसऱ्याने वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून विमान जवळजवळ सपाट, जोराने सोडावे आणि उडवणाऱ्याचे दोन्ही हात रिमोटवर असावेत. तीस-चाळीस मीटर उंची गाठेपर्यंत वळण घेऊ नये. उतरल्यावर रिमोटवरची ट्रिम किती सरकली ते पाहून तेवढा पुशरॉड फिरवावा, ट्रिम पुन्हा मध्यावर आणावी आणि बॅटरीच्या जागेवर पेनने रेघ मारून ठेवावी.