रोजची प्रार्थना कशी टिकवावी

आपली वैयक्तिक प्रार्थना रोज होत नाही, ही खंत बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील ख्रिस्ती मंडळ्यांत मी वारंवार ऐकतो. तिच्यामागे श्रद्धेची उणीव क्वचितच असते. बहुधा वेळ ठरलेली नसते आणि बसल्यावर काय बोलावे हे सुचत नाही.

वेळ ठरवताना ती घड्याळापेक्षा आपल्या कामाशी जोडावी. उद्यमबागेत पाळीवर जाणाऱ्याची पहाट बदलत राहते, वडगाव-शहापुरात मागावर बसणाऱ्याचा दिवस खडखडाटात जातो, आणि खानापूर तालुक्यात भातलावणीच्या दिवसांत घरातल्या बाईला उजाडल्यापासून उसंत नसते. म्हणून ‘पहाटे पाच’ हा एकच नियम सर्वांना लावू नये. चहाचे आधण ठेवल्यावर, डबा भरून झाल्यावर किंवा पाळीवरून येऊन हातपाय धुतल्यावर, असा आपल्या दिवसातला न चुकणारा क्षण धरावा. प्रभू येशू पहाटे अंधार असतानाच एकांतात गेला, असे मार्काचे शुभवर्तमान सांगते (१:३५). जुन्या करारातला दानिएल संदेष्टा मात्र दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. आरंभी दहा मिनिटे पुरेत. तासाभराचा संकल्प चौथ्या दिवशी मोडतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

भाषेचाही विचार करावा. आपल्या सीमाभागात घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि मुलांच्या वह्यांत इंग्रजी असते. शिवाय उपासनेत कानावर पडणारी मराठी ग्रांथिक असते, आणि एकटे बसल्यावर आपण तिचीच नक्कल करू पाहतो व दोन वाक्यांत अडतो. ज्या भाषेत आपण पैसे मोजतो आणि आईशी भांडतो, त्याच भाषेत देवाशी बोलावे, मध्येच कन्नड शब्द आला तर येऊ द्यावा. “बापा, उसाचं बिल अजून आलं नाही, पोरीची फी भरायची आहे, मला भीती वाटते,” ही पूर्ण प्रार्थना आहे.

तरीही शब्द आटतात, आणि खरा आधार तेव्हाच लागतो. बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत, आणि ती वाचायची तशीच प्रार्थना म्हणून बोलायचीही आहेत. रोज एक स्तोत्र हळू, ओठ हलवून वाचावे. जी ओळ अडकवते तिथे थांबावे, ती दोनदा म्हणावी आणि मग आपल्या घरातली गोष्ट तिच्यात घालून बोलावी. ११९ वे स्तोत्र १७६ वचनांचे आहे, पण ते आठ-आठ वचनांच्या २२ भागांत रचलेले असल्यामुळे त्याला २२ दिवस द्यावेत. असे केल्यास संपूर्ण संहिता १७१ दिवसांत होते. दुःखाच्या दिवसांत आनंदाची स्तोत्रे ओढूनताणून म्हणू नयेत. १३ वे स्तोत्र ‘कुठवर?’ असे देवालाच विचारते, आणि ८८ वे तर अंधाराच्या शब्दावर संपते. तेही शास्त्रातच आहे, ही मला फार मोठी मोकळीक वाटते. माझ्या आईच्या पुस्तकात १३ व्या स्तोत्राच्या पानावर हळदीच्या बोटाचा पिवळा ठसा आहे. वडिलांच्या आजारपणात स्वयंपाक अर्धा टाकून ती ते उघडत असे.

ज्यांना वाचनापेक्षा गाणे जवळचे वाटते, त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांचे एखादे पद गुणगुणून आरंभ करावा.

इतरांसाठी मागायचे असेल तर साधी वही ठेवून वाराप्रमाणे नावे वाटून घ्यावीत: सोमवारी घर, मंगळवारी शेजारी, बुधवारी आजारी माणसे. सगळी नावे रोज घेण्याचा हट्ट धरू नये.

खंड पडणारच. जत्रा, लग्नसराई, दवाखाना यांत आठवडा जातो, आणि मग अपराधी वाटून माणूस आणखी एक आठवडा टाळतो. बुडालेल्या दिवसांची भरपाई करू नये, राहिलेली स्तोत्रेही एकदम वाचून काढू नयेत. ठरलेल्या जागी बसावे, ११७ वे स्तोत्र उघडावे. त्यात दोनच वचने आहेत. ती म्हणून उठावे, आणि दुसऱ्या दिवशी जिथे खूण घातली होती तिथून पुढे वाचावे.