समुद्रावर जायची होडी बेळगावात बांधताय? या चुका टाळा

उद्यमबागेत ३२ वर्षं मी पॅटर्नमेकर होतो. फाउंड्रीच्या ओतकामाला लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा पडतो ते नमुने, करायचे, हाच धंदा. गेली काही वर्षं मच्छेच्या शेडमध्ये शिडाच्या होड्या बांधतो, नाहीतर दुसऱ्यांनी अर्धवट सोडलेल्या दुरुस्त करून देतो. २२ ते २६ फुटांच्या, प्लायवूड आणि इपॉक्सीच्या. इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग मिसळले की घट्ट होणारी राळ.

म्हादई नदी आपल्या खानापूर तालुक्यातून निघते. तिच्या नावाच्या, गोव्यात बांधलेल्या नौदलाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच नौकेतून कुठंही न थांबता फिरून आले. हे वाचलेली पोरं माझ्याकडं येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "मामा, किती महिन्यांत होईल?" दोंदे यांनी नौका तयार झाल्यावरही आधी मॉरिशसपर्यंत जाऊन-येऊन तिची परीक्षा घेतली आणि मगच मोठ्या सफरीला निघाले, हे मी सांगतो. पोरं मान हलवतात आणि परत महिनेच विचारतात.

बेळगाव समुद्रापासून लांब, हीच खरी अडचण आहे. इथं केलेली चूक इथं कळतच नाही. हलक्या प्रतीचा व्हॉल्व्ह, कच्चा जोड, घरातली वायर, इथल्या हवेत सगळं वर्षानुवर्षं छान राहतं. मिठाचं पाणी लागलं की त्याचा खरा रंग दिसतो आणि तोवर तुम्ही किनाऱ्यापासून दूर असता. म्हणून "काही होत नाही" आणि तेच कानडीतलं "एनू आगल्ल" ही दोन्ही वाक्यं माझ्या शेडमध्ये कुणी बोलायची नाहीत.

हार्डनर वाढवला की लवकर वाळतं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता डबा उघडायच्या आधीच सांगतो. आपल्याकडं फायबरचं काम करणारे कारागीर चांगले आहेत. टाक्या, बंपर, मूर्ती, सगळं करतात. पण त्यांचा हात पॉलिस्टर रेझिनवर बसलेला. त्यात उत्प्रेरक शेकडा एक-दोन टक्के पडतो, थंडी असली की थोडा वाढवायचा, काम लवकर उरकतं. इपॉक्सीचं गणित वेगळं आहे. तिथं हार्डनर हा रेझिनशी जोडला जाणारा दुसरा अर्धा भाग. जास्त घातला तर जोडायला रेझिनच उरत नाही, जादाचा हार्डनर तसाच आत राहतो आणि थर कधीच पक्का होत नाही.

एका जुलैत २४ फुटी होडीच्या तळाला कापड चढवत होतो. बाहेर आठ दिवस झड लागलेली. दुपारी मी बँकेत गेलो. मदतीला होता तो पोरगा कामाचा, पण घाईचा. परत आलो तर म्हणाला, "मामा, पाऊस लागलाय, वाळंना झालंय. जरा हार्डनर वाढवलोय की." किती? "अंदाजानं."

दुसऱ्या दिवशी अंगठा दाबला तर ठसा उमटला. चौथ्या दिवशीही उमटला. आठव्या दिवशी बल्ब लावून शेड तापवली, तरी तळ गुळाच्या ढेपेसारखा चिकट. शेवटी हीट गन आणि पत्री घेऊन सगळं खरवडून काढलं. ११ दिवस लागले. कापड वाया गेलं, प्लायचा वरचा पापुद्रा दोन ठिकाणी निघाला. पोरग्याला मी रागावलो, पण चूक माझीच होती. काटा कपाटात ठेवून गेलो होतो.

तेव्हापासून माझ्या टेबलावर ग्रॅमचा डिजिटल काटा असतो. डब्यावर लिहिलेलं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, हे आधी वाचतो, कारण दोन्ही आकडे वेगळे असतात. प्रत्येक घाण्याचं वजन, वेळ आणि तापमान भिंतीवर खडूनं लिहितो. काम लवकर व्हायला हवं असेल तर जलद हार्डनर विकत मिळतो, तो घ्यावा. घोटलेला माल खोल डब्यात ठेवू नये, तो स्वतःच्याच उष्णतेनं तापून धूर काढायला लागतो. पसरट ट्रेमध्ये ओतला की हाताशी वेळ मिळतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. वाळलेल्या थरावर मेणचट पापुद्रा येतो. त्यावर सरळ पॉलिश पेपर मारला तर तो आत घासला जातो आणि पुढचा थर सुटतो. आधी साधं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी, मग कोरडं पुसणं, मग पेपर. मी तर आता जून ते सप्टेंबर चिकटवायचं काम घेतच नाही. त्या दिवसांत डोलकाठी तासतो, कप्प्या बसवतो.

पाण्याखाली पितळ

गावातल्या हार्डवेअर दुकानात पितळी बॉल व्हॉल्व्ह छान जड लागतो, आणि माणूस जड वस्तूला भुलतो. साध्या पितळात चाळीस टक्क्यांच्या आसपास जस्त असतं. खारं पाणी ते जस्त हळूहळू खाऊन टाकतं आणि मागं उरतं ते तांब्याचं भुसभुशीत जाळं. बाहेरून आकार तोच, रंग फक्त गुलाबी झालेला.

टिळकवाडीतल्या एका गृहस्थांनी होडी घाईनं पूर्ण करून मांडवीत नांगरली होती. मोरीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह मी गनमेटलचा, म्हणजे कमी जस्ताच्या तांब्याच्या मिश्रधातूचा, सांगितलेला, त्यांनी पितळी बसवला. १४ महिन्यांनी होडी वर काढली तेव्हा मला बोलावलं. मी हातोडीनं हलकं टिचकारलं. नाद आला नाही, ठस्स वाजलं. दांडा धरून जरा जोर दिला आणि व्हॉल्व्ह मुळातून मोडून हातात आला. मोडलेली कड गाजराच्या रंगाची होती. ते गृहस्थ शिडीवरच बसले. पुढच्या महिन्यात ते लक्षद्वीपला निघणार होते.

पाण्याखाली दोन फुटांवर एक इंची भोक पडलं तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येतं. तासाला ३६०० लिटर. छोट्या होडीतला एकटा माणूस हातपंपानं ते फार वेळ उपसू शकत नाही.

बेळगावचं भाग्य असं की फाउंड्री दारात आहे. मी स्वतः पॅटर्न करतो आणि ८५-५-५-५ गनमेटलमध्ये ओतून घेतो. तांबं ८५ टक्के. कथील, जस्त, शिसं पाच-पाच. एवढ्या थोड्या जस्तात तो रोग लागत नाही. ज्यांना ओतून घेणं जमत नाही त्यांनी जहाजाचाच माल मागवावा, पैसे जातील ते जाऊ देत. प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी त्याच मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीनं बांधलेली असावी. खणात ठेवलेली खुंटी अंधारात सापडत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे मरीन प्लाय, घ्या, आणि शिक्क्यावर न थांबता तुकडा कापून घरी तासन्‌तास उकळून बघा. मी तीन दिवस उकळतो. बायको नाराज होते, पण एकदा थर सुटलेला पाहिल्यापासून गॅस तीच लावते.

डेकवरच्या बोल्टचं भोक नेमक्या मापाचं पाडू नका. मोठं पाडा, इपॉक्सीनं भरा, मग त्यातून बारीक पाडा. लाकडी होडी समुद्राच्या पाण्यापेक्षा वरून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्यानं जास्त कुजते.

स्टील ३१६ आहे की ३०४, हे लोहचुंबकानं कळत नाही. दोन्हींना तो नीट चिकटत नाही. खाऱ्या पाण्यात जास्त टिकतं ते ३१६, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं. म्हणून मॉलिब्डेनमची चाचणी करून द्यायला सांगा.

वायर कथलाचा मुलामा असलेली. फ्यूज बॅटरीला लागून, वीतभराच्या आत.

ताडपत्री होडीला घट्ट गुंडाळू नका, आतली हवा खेळू द्या.

आणि शेडचं दार मोजा. खानापूरला एकानं साडेनऊ फूट रुंदीची होडी नऊ फुटांच्या दाराआड बांधली आणि भिंत पाडावी लागली. लॉरीचंही तसंच आहे. कायद्यानं गाडीची रुंदी २.६ मीटर, त्याच्या वर गेलात की परवानगी मागत फिरा. चोर्ला घाटात समोरून बस आली तर वळणावर होडीची बाजू झाडांना घासते. मी शिशाची कील, म्हणजे होडीचा तोल धरणारं तळाचं वजन, वेगळ्या गाडीनं पाठवतो आणि गोव्यात उतरवल्यावरच बोल्ट आवळतो. निघताना पहाटे चार वाजता निघतो, घाटात गर्दी नसते, आणि कणकुंबीला चहासाठी थांबलो की सगळे पट्टे परत एकदा ताणून बघतो.